झाकणावरची बारीक अक्षरं

३ मार्च, रविवार. सकाळी ९.
नवी वही. कारखान्याच्या रद्दीतली, पण कागद उत्तम. आजपासून रोज लिहायचं. फक्त स्वतःसाठी, त्यामुळे खोटं लिहायचं काही कारण नाही.

लेक काल गेली. कंपनीने दोन महिन्यांसाठी दुसऱ्या शहरात पाठवलंय. मोटरसायकल इथेच ठेवून गेली. निळी, जड, तिच्या स्वतःच्या पगारातून घेतलेली. जाताना मला पार्किंगमध्ये उभं करून सूचना दिल्या. बाबा, दर रविवारी दहा मिनिटं चालू करा, गल्लीत एक चक्कर मारा, बाकी काही करू नका. ‘बाकी काही करू नका’ हे तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा तर माझ्याकडे न बघता हिच्याकडे, म्हणजे तिच्या आईकडे बघून.

मी मनाला लावून घेतलं नाही. सव्वीस वर्षं पंपांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. माझा हिरवा ‘पास’ स्टिकर लागल्याशिवाय एक पंप गेटबाहेर जात नाही. आणि लाल ‘नापास’ लागला की त्या मालाला, ज्याने लावला त्याच्याशिवाय कोणी बोट लावायचं नाही. नियम माझाच. साहेबलोकसुद्धा पाळतात. पण घरात विचारतो कोण? लेकीच्या डोक्यात अजून ती सायकल आहे. ती नऊ वर्षांची असताना मी तिच्या सायकलचा ब्रेक दुरुस्त केला, उतारावर केबल सुटली, हनुवटीला तीन टाके पडले. केबल सदोष होती. तेव्हाही सांगितलं होतं. तेव्हापासून तिने मला साधं बाटलीचं बूचसुद्धा उघडायला दिलेलं नाही.

संकल्प: गाडी अशी परत द्यायची की तिने तोंडात बोट घालावं.

३ मार्च. दुपारी १२.
गाडीची तपासणी केली. सिस्टिमॅटिक. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत. एकच डिफेक्ट. या गाडीच्या क्लचला तार नाही, तो तेलाच्या दाबावर चालतो. डाव्या मुठीपाशी तेलाची छोटीशी डबी, तिला काचेची खिडकी. खिडकीत बघतो तर तेल अर्ध्यावर! नव्या गाडीत हा असा हात आखडता.

जुन्या गाडीच्या ब्रेकचं तेल बाटलीत उरलं होतं. दाबाचं तेल ते दाबाचं तेल. झाकण काढलं, काठोकाठ भरलं. झाकणावर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलंय, पण चष्मा वर राहिला होता. असल्या सूचना अडाण्यांसाठी असतात.

दोन थेंब टाकीवर सांडले. पुसले.

१० मार्च, रविवार.
टाकीवर थेंब पडले होते तिथला निळा रंग फुगलाय. नखाने जरा बघितलं तर निघूनच आला. हल्ली रंग काही खरे नाहीत. त्यावर हिरवा ‘पास’ स्टिकर लावला. (एक रोल घरी असतो. अडीअडचणीला.) शोभून दिसतो.

क्लच एकदम हलका झालाय. लोणी! लेकीला फोनवर सांगितलं की क्लचमध्ये थोडी सुधारणा केलीय.  ती म्हणाली, सुधारणा म्हणजे नक्की काय केलंत? मी म्हटलं काही नाही गं, चालवून मोकळा केला.

१७ मार्च, रविवार.
लोणी जरा जास्तच झालंय. क्लचचा लिव्हर दाबला की थेट मुठीला टेकतो, हाताला काही लागतच नाही. पूर्ण दाबून धरून पहिला गिअर टाकला तर गाडी आपली आपण चालू पडली आणि गेटजवळच्या कुंडीवर गेली. वॉचमन धावत आला, साहेब लागलं का म्हणाला. मी म्हटलं ब्रेक टेस्ट चालू आहे. तो कुंडीकडे बघत राहिला.

रूट कॉज शोधला पाहिजे. पॅनिक व्हायचं नाही.

१८ मार्च, सोमवार. संध्याकाळी.
इंटरनेटवर कळलं. तेलात हवा शिरली की लिव्हर मऊ पडतो. उपाय: लिव्हर दाबून मुठीला बांधून ठेवायचा, बुडबुडे सकाळपर्यंत आपोआप वर येतात. घरात मेली एक दोरी सापडेना. शेवटी पायजम्याची नाडी काढून बांधला.

१९ मार्च, मंगळवार. सकाळी ७.
लिव्हर कडक! दगड! हिला हाताला धरून खाली नेलं आणि दाखवलं. ती म्हणाली, छान झालं, आता आधी तो पायजमा सावरा, वॉचमन बघतोय.

१९ मार्च. संध्याकाळी ६.
पुन्हा मऊ. नाडी सैल विणीची असणार.

२४ मार्च, रविवार.
आज मोठं ऑपरेशन. हवा काढणे. याला दोन माणसं लागतात. खाली इंजिनपाशी एक छोटा नट असतो, त्याला नळी लावायची. एकाने वर लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली नट उघडायचा, हवा आणि तेल नळीतून बाहेर. मग नट बंद, आणि त्यानंतरच लिव्हर सोडायचा. नट उघडा असताना लिव्हर सुटला तर बाहेरची हवा उलट आत शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात. हे सगळं मी हिला अर्धा तास समजावलं. ती म्हणाली कळलं, दाबायचं, धरायचं, तुम्ही सांगाल तेव्हा सोडायचं, लग्न झाल्यापासून दुसरं काय केलंय.

ही अगदी बरोबर दाबत होती, बरोबर सोडत होती. पण मी खालून तिला हायड्रॉलिक्समागचं तत्त्व सांगत होतो, त्या नादात दोनदा नट बंद करायचा राहिला. तिसऱ्यांदा बंद केला, पण उलटा फिरवून. तेल माझ्या शर्टावर. आता लिव्हरला मुळी जीवच नाही, नुसता लोंबतोय.

निष्कर्ष: टीमवर्क कमी पडलं.

२६ मार्च, मंगळवार.
नाइलाजाने गाडी ढकलत दोन गल्ल्या पलीकडच्या मेकॅनिककडे नेली. लेकीच्या मोटरसायकलवाल्या ग्रुपमधली निम्मी पोरंपोरी त्याच्याकडेच जातात. चाळिशीचा, किडकिडीत, हळू बोलणारा माणूस. दुकानाच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगाने काढलीय, आणि प्रत्येक पाना आपापल्या आकृतीत टांगलेला. आमच्या कारखान्यातही एवढी शिस्त नाही. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही.

त्याने डबीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. मग विचारलं, साहेब, यात कोणी दुसरं काही घातलं होतं का?

साधा प्रश्न. मी म्हटलं, छे, कोण घालणार! तोंडातून कसं गेलं ते कळलं नाही. गेलंच आहे म्हणून मग पुढे म्हटलं, गाडी माझ्या नजरेखाली असते, मी क्वालिटीत आहे. त्याने मान डोलावली. म्हणाला, तुम्ही म्हणताय म्हणजे नसेलच, मग आतली रबरंच गेली असणार, दोन्हीकडची बदलतो. नंतर टाकीवरच्या स्टिकरवरून अंगठा फिरवून हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, ऑफिशियल आहे.

तसं पाहिलं तर टॉप-अपला ‘घालणं’ म्हणत नाहीत.

३१ मार्च, रविवार.
गाडी आली. लिव्हर पहिल्यासारखा घट्ट. माणसाचा हात चांगला आहे, मान्य. पण फिनिशिंग नाही. खिडकीत बघतो तर तेल परत अर्ध्यावर! बाटलीत थोडं होतंच, काठोकाठ केलं. यावेळी एक थेंबही सांडला नाही. सुधारणा ही अशी हळूहळूच होते.

७ एप्रिल, रविवार.
लिव्हर पुन्हा मुठीला! तळपायाची आग मस्तकात गेली. सात दिवस? असा पंप मी पास केला असता तर घरी बसवलं असतं मला.

लेकीला फोन केला. म्हटलं, तुमचा तो मेकॅनिक हलका माल वापरतो. तिने विचारलं, बाबा खरं सांगा, तुम्ही हात लावला होतात का? मी म्हटलं, नाही.  मला वाटलं आता सायकल निघणार. तर म्हणाली, तुम्ही इतकं ठामपणे सांगताय म्हणजे तसंच असेल, सॉरी बाबा, दर वेळी मी तुमच्यावरच संशय घेते.

जसं म्हणाली तसं उतरवून ठेवलंय. सतरा वर्षांनी. हिला तीनदा सांगितलं. ही म्हणाली, थोडं पाणी प्या.

८ एप्रिल, सोमवार.
लेकीने त्यांच्या ग्रुपवर लिहिलं. तीनशे चाळीस मोटरसायकलवाले आहेत त्यात. मला फोटो पाठवला. ‘या दुकानात गाडी देऊ नका. माझे बाबा सव्वीस वर्षं क्वालिटीत आहेत, त्यांनी स्वतः तपासलंय.’

‘माझे बाबा’ पासून पुढचं चारदा वाचलं. कारखान्यात सगळ्या टेबलांवर फिरवलं. स्टोअरकीपर म्हणाला, लेक असावी तर अशी.

९ एप्रिल, मंगळवार. सकाळी ८.
पुरावा म्हणून डबीचे फोटो काढावेत म्हणून खाली गेलो. चष्मा लावून. झाकण दिसलं. त्यावर लिहिलंय: फक्त मिनरल ऑइल. ब्रेकचं तेल घालू नये, रबरं खराब होतात.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच.

तिथेच पायरीवर बसलो. मिनरल ऑइलने रंग निघत नाही, ब्रेकच्या तेलाने निघतो, हे मला माहीत आहे. कारखान्यात मीच सगळ्यांना शिकवतो. हिरवा स्टिकर समोरच होता.

९ एप्रिल. दुपारी.
आज अकरा पंप नापास केले. त्यातले दोन कदाचित बरे होते.

१० एप्रिल, बुधवार.
संकल्प: आज लेकीला सगळं सांगायचं. ती कामात असेल. संध्याकाळी सांगू.

संध्याकाळी तिचा फोन आला. आपणहून. सहसा ती हिला करते. ऑफिसातल्या एका भांडणात काय करावं म्हणून माझा सल्ला विचारला. माझा! अशा वेळी कसं सांगणार?

१२ एप्रिल, शुक्रवार.
मेसेज लिहिला. मोठा झाला. छोटा केला. छोटा फार उघडा वाटला. पुसला.

१३ एप्रिल, शनिवार.
दुकानावरून सहज गेलो. मागच्या वेळी बाहेर नऊ गाड्या होत्या, आज दोन. मेकॅनिक स्टुलावर बसून पुसलेलेच पाने पुन्हा पुसत होता. मी पलीकडच्या फुटपाथने आलो. मला रस्ता ओलांडायचाच होता.

१४ एप्रिल, रविवार.
बेल वाजली. दारात मेकॅनिक, खांद्याला हत्यारांची पिशवी.  वाटलं, कळलं याला. तर म्हणाला, साहेब, माझीच चूक असणार. रबरांचा अख्खा डबा सप्लायरला परत केला, त्याच्याशी भांडून. नवी आणलीत, आत्ता इथेच बसवून देतो, पैशांचं नाव काढू नका. फक्त ताईंना सांगा राग धरू नका, या आठवड्यात सात जणांनी काम रद्द केलं.

दोन तास पार्किंगच्या फरशीवर गुडघे टेकून बसला होता. मध्येच विचारलं, आतली नळी धुवायला हवी का, दुसरं तेल गेलं असेल तर धुवावीच लागते, पण तसं काही नाही म्हणालात ना तुम्ही? मी म्हटलं, नाही. चहाचा ट्रे माझ्या हातात होता.

जाताना पुन्हा माफी मागितली. आणि मी त्याला म्हटलं, होतं असं कधी कधी, मी मनात ठेवलेलं नाही. हे मी म्हटलं. या तोंडाने. मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवण गेलं नाही.

२० एप्रिल, शनिवार.
बाटली चपलांच्या कपाटात मागे लपवली होती. हिला सापडली. स्वयंपाकघराचं दार करकरतं म्हणून तिने त्यातलं तेल खालच्या बिजागरीला घातलं. दुपारपर्यंत दाराचा रंग वीतभर सोलून निघाला. मी घाईघाईने त्यावर कॅलेंडर लावलं. जमिनीपासून दोन फुटांवर.

ही बराच वेळ कॅलेंडरकडे बघत होती. मग म्हणाली, आता या घरात आणखी काय काय झाकायचंय ते एकदाच सांगा. मग बाटलीवरचं वाचलं, खिडकीतून खाली गाडीकडे बघितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं की त्या माणसाला सांगितलंत का. मी म्हटलं, सांगणार आहे. ती आत गेली आणि भांडी जोरात लावायला लागली.

२१ एप्रिल, रविवार.
लिव्हर पुन्हा मऊ. नळी धुतलेली नाही ना.

लिव्हर पुन्हा गेल्याचं लेकीला सांगावं लागलं. ती म्हणाली, आता बस झालं, शनिवारी दोन दिवस येते, त्याच्याशी समोरासमोर बोलते, तुम्हाला साधं समजून गंडवतोय तो. माझ्यासाठी भांडायला येतेय.

संकल्प: ती स्टेशनवर उतरल्या उतरल्या सांगायचं.

२६ एप्रिल, शुक्रवार.
वहीचं पहिलं पान उघडलं. खोटं लिहायचं काही कारण नाही, असं लिहिलंय.

तर. सायकलची केबल चांगली होती. नट आवळायचा मी विसरलो होतो. टाके घालताना ती माझं बोट धरून होती, आणि मी डॉक्टरांना केबल किती वाईट येते ते सांगत होतो.

२७ एप्रिल, शनिवार.
स्टेशनवर सांगितलं नाही. गर्दी होती. घरी सांगितलं नाही. ती दमली होती. जेवताना ही माझ्याकडे बघत होती. मी पाणी आणायला चारदा उठलो.

२८ एप्रिल, रविवार.
सकाळी मी आणि लेक दुकानात. लेक हाताची घडी घालून उभी. मेकॅनिक खाली बसलेला, नळी लावून. मला म्हणाला, साहेब, तुम्ही लिव्हर धरा, मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. शेवटी एक काम मिळालं.

दाबला. धरला. त्याने नट उघडला. लेक त्याला म्हणत होती, दोनदा तेच, तिसऱ्यांदा तेच, माझ्या बाबांना तुम्ही कोण समजता? तो वर न बघता म्हणाला, ताई, मलाही कळत नाहीये, वीस वर्षांत असं झालं नाही, आता हाताचा भरवसा वाटेना, दुकान चालवावं की नाही तेही कळत नाही. 

मी म्हटलं, मी घातलं होतं.

दोघं थांबली. मी म्हटलं, ब्रेकचं तेल. दोनदा. पहिल्यांदा वाचलं नव्हतं म्हणून. पण नऊ तारखेला वाचलं, आणि त्यानंतर एकोणीस दिवस गप्प बसलो. सायकलची केबलही चांगली होती, हेही म्हणून टाकलं. मेकॅनिकला त्यातलं काही कळलं नसणार.

मग मेकॅनिक हळूच म्हणाला, साहेब, लिव्हर.

मी सोडला होता. बोलता बोलता कधी सुटला कळलं नाही. नट उघडाच. बाटलीत बुडवलेल्या नळीतून सगळं तेल आणि हवा उलट आत. सकाळपासूनची त्याची मेहनत वाया.

त्याने नट बंद केला, हात पुसले. म्हणाला, पहिल्याच दिवशी विचारलं होतं तुम्हाला. एवढंच. भिंतीवरचा एक पाना काढला. मग म्हणाला, आता नळी धुतो, रबरं नवी घालतो, पुन्हा पहिल्यापासून. मी हात पुढे केला. लेकीने मला बाजूला केलं आणि लिव्हर स्वतः धरला. दोन तास लागले. दुपारी लिव्हर घट्ट झाला. मी स्टुलावर बसून होतो.

परत येताना ती हनुवटीवरची खूण चोळत होती, राग आला की चोळते तशी. मी म्हटलं, मला वाटलं होतं एकदा तरी तू माझं खरं मानावंस. ती म्हणाली, मानलं होतं ना बाबा. तोंड दाखवायला जागा उरली नाही.

२९ एप्रिल, सोमवार.
ती पहाटेच्या गाडीने गेली. तिचं काम आणखी महिनाभर वाढलंय. ग्रुपवरचा मेसेज मला पाठवला नाही. स्टोअरकीपरच्या भाच्याकडून बघायला मिळाला. ‘चूक दुकानाची नव्हती. आमच्या घरची होती. मी माफी मागितली आहे, गाड्या तिथेच द्या.’

‘आमच्या घरची’ असं लिहिलंय. ‘बाबांची’ असं नाही. तेवढं वाचून मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो. स्टोअरकीपरने विचारलं, घरचं म्हणजे कोण? मी म्हटलं, मी. आवाज बारीक आला, पण आला. मग सगळ्या टेबलांवर जाऊन सांगितलं, जिथे जिथे पहिला मेसेज दाखवला होता तिथे. शेवटच्या टेबलावर तर ते आधीच पोचलं होतं.

५ मे, रविवार. सकाळी ९.
किल्ली आता हिच्याकडे असते. मागितली. ती खाली सोबत आली आणि पायरीवर बसली.

तेलाच्या डबीच्या झाकणावर लाल ‘नापास’ चिकटवलेला आहे. माझ्याच रोलमधला. जाण्याआधी लेकीने लावला असणार, वर पेनाने तिची सही. ज्याने लावला त्याच्याशिवाय कोणी बोट लावायचं नाही.

खिडकीत तेल अर्ध्यावर. ही म्हणाली, काय बघताय? मी म्हटलं, काही नाही.

गाडी दहा मिनिटं चालू ठेवली. गल्लीत एक चक्कर. बाकी काही केलं नाही.